शस्त्रे स्वस्त, युद्ध महाग

२०२५ च्या मे महिन्यातील त्या चार रात्री ज्यांनी दूरचित्रवाणीसमोर बसून काढल्या, त्यांना एक विधान अजून आठवत असेल. निवेदक, निवृत्त सेनाधिकारी आणि संरक्षणविषयक जाणकार म्हणवणारे गृहस्थ आळीपाळीने ते करीत होते: युद्धाचे स्वरूप कायमचे बदलले, यापुढे लढतील ती यंत्रे. ७ ते १० मे ह्या दिवसांत भारत आणि पाकिस्तान ह्यांनी एकमेकांविरुद्ध प्रथमच मोठ्या प्रमाणावर ड्रोन वापरले, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्याच दिवसांत पूंछ शहरातील जी घरे कोसळली आणि जी मुलेबाळे दगावली, ती प्रामुख्याने जुन्यापुराण्या तोफांच्या माऱ्याने. ह्या गोष्टीकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नवे शस्त्र आले म्हणजे जुने शस्त्र निवृत्त होत नाही, एवढा साधा धडाही आपण त्यातून घेतला नाही.

उलट तेव्हापासून वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एक नवा सिद्धान्त रूढ होऊ पाहत आहे. त्याचे तीन भाग आहेत. ड्रोनमुळे युद्ध स्वस्त झाले, हा पहिला. ते थोडक्या दिवसांत आटोपते, हा दुसरा. आणि आता एवढ्या शिपायांची गरज उरलेली नाही, हा तिसरा. तिन्ही भाग एकमेकांना इतके सोयीस्कर रीतीने टेकू देतात, की ऐकणाऱ्याला त्यांतील एकही तपासून पाहावासा वाटत नाही.

माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. लष्करी शास्त्राचा मी अधिकारी नव्हे. परंतु 'स्वस्त' हा शब्द आमच्या शास्त्रातला आहे आणि त्याचा दुरुपयोग होत असेल तर बोलणे भाग आहे. शस्त्र बदलले की रणांगणावरचे डावपेच बदलतात, हे मला पूर्णपणे मान्य आहे. शांततावादाच्या भरात हे नाकारणारे आमचे काही मित्र स्वतःचीच फसगत करून घेतात. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. मारण्याचे साधन स्वस्त झाले म्हणून युद्ध स्वस्त होते, हा निष्कर्ष चुकीचा आहे. गेल्या दीडशे वर्षांत तो पुनःपुन्हा काढला गेला, आणि दर वेळी त्याची किंमत तो काढणारांनी नव्हे तर शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या मुलांनी मोजली.

गॅटलिंगचा हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्ध चालू असताना, १८६२ मध्ये, रिचर्ड गॅटलिंग ह्या गृहस्थाने दांडा फिरवून झाडता येणाऱ्या बहुनळी बंदुकीचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने ह्या शोधामागची आपली प्रेरणा सांगितली आहे. आघाडीवर गेलेले सैनिक गोळीपेक्षा रोगराईने अधिक मरतात, हे त्याने पाहिले होते. एक माणूस शंभरांचे काम करू शकेल असे यंत्र आपण बनवले, तर मोठ्या सैन्यांची गरजच उरणार नाही आणि मनुष्यहानी कमी होईल, असा त्याचा हिशेब होता. गॅटलिंगच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चूक त्याच्या अंकगणितात होती.

ही चूक कोणती, हे समजून घ्यायला त्याच काळातील एक अर्थशास्त्रज्ञ उपयोगी पडतो. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स ह्याने इंग्लंडच्या कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिले. वाफेचे इंजिन जसजसे काटकसरी होत जाईल तसतसा कोळशाचा खप कमी होईल, अशी सर्वांची समजूत होती. जेव्हन्सने दाखवून दिले की घडले ते नेमके उलट. इंजिन काटकसरी झाले म्हणून ते अधिक कारखान्यांना परवडू लागले, आणि एकूण कोळसा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक जळू लागला. एखाद्या गोष्टीची एकेका नगामागची किंमत उतरली की तिचा एकूण खप वाढतो, हे आमच्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. माणसे मारण्याची किंमत उतरली तर काय होईल, हे मात्र मंत्र्यांना आणि सेनापतींना कळू नये, ह्याचे आश्चर्य वाटते.

१८८४ मध्ये हायरम मॅक्सिमने स्वतःच्याच धक्क्यावर चालणारी मशिनगन तयार केली. तिचा पराक्रम युरोपने पाहिला तो आफ्रिकेत. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानमध्ये ओमडुर्मान येथे किचनरच्या सैन्याने मशिनगन आणि तोफा ह्यांच्या बळावर खलिफाच्या दहा हजारांवर सैनिकांना काही तासांत लोळवले. किचनरचे पन्नासही माणूस मेले नाही. युद्ध थोडक्यात आटोपते, हा सिद्धान्त त्या दिवशी सिद्ध झाल्यासारखा दिसला. पण तो एका अटीवर सिद्ध झाला होता. शस्त्र एकाच बाजूकडे असले पाहिजे, ही ती अट. साम्राज्यवाद्यांना ही अट इतकी स्वाभाविक वाटत होती की ती बोलून दाखवण्याचीही त्यांना गरज भासली नाही. गमतीची गोष्ट अशी, की त्याच लढाईत ब्रिटिश घोडदळाच्या एका तुकडीने भाले सरसावून जुन्या थाटाचा हल्ला चढवला, आणि त्या दिवशी मेलेल्या ब्रिटिशांपैकी बरेचसे त्या एकाच तुकडीचे होते. लंडनमध्ये कौतुक झाले ते ह्या भालेकऱ्यांचे!

ब्लॉखचा इशारा आणि सेनापतींची स्थावर मालमत्ता

ही अट सुटली तर काय होईल, हे सांगणारा माणूस त्याच वर्षी पुढे आला होता. तो सेनापती नव्हता. यान ब्लॉख हा वॉर्साचा बँकवाला, रेल्वेच्या भांडवलावर मोठा झालेला. त्याने १८९८ मध्ये युद्धाच्या भवितव्यावर सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. भराभर गोळ्या झाडणारी लांब पल्ल्याची बंदूक आणि धूर न होणारी दारू ह्यांमुळे जमिनीत दडून बसलेला बचाव करणारा हा उघड्यावर चाल करून येणाऱ्यापेक्षा कितीतरी बलवान झाला आहे, असे त्याने दाखवले. पुढचे युद्ध म्हणजे मोकळ्या मैदानातील लढाई नसून खंदकांचा वेढा असेल; निर्णय लागणार नाही; लक्षावधी माणसे सैन्यात आणि उरलेली उपाशी अशी अवस्था येऊन अखेर राज्येच उलथून पडतील, असा त्याचा निष्कर्ष होता. १८९९ च्या हेग येथील शांतता परिषदेच्या वेळी तो आपले म्हणणे पटवून देत हिंडला. १९०२ मध्ये तो वारला.

ब्लॉखचे म्हणणे तपासून पाहण्याची संधी सेनापतींना मिळाली नाही असे नाही. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी खंदकांतून ब्रिटिश पलटणींना रोखले. १९०४-०५ मध्ये पोर्ट आर्थरच्या वेढ्यात काटेरी तार आणि मशिनगन ह्यांच्यापुढे जपानी पायदळाच्या लाटांमागून लाटा कापल्या गेल्या. युरोपातील प्रत्येक मोठ्या सैन्याचे निरीक्षक तेथे वही-पेन्सिल घेऊन हजर होते. त्यांनी धडा घेतला तो असा, की जपान्यांजवळ मरण्याची हिंमत होती म्हणून ते जिंकले. सबब आपल्या शिपायांतही तशीच हिंमत निर्माण केली पाहिजे. १९१४ मध्ये फ्रेंच पायदळ लाल तुमानी घालून, संगिनी सरसावून जर्मन मशिनगनवर चालून गेले. २२ ऑगस्ट १९१४ ह्या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मेले.

एवढी शिकलेली माणसे इतकी आंधळी कशी झाली? सेनापतींच्या मूर्खपणावर हे सोपवून मोकळे होणे मला पटत नाही. त्यांच्यात मूर्ख होते तसे बुद्धिमानही होते. खरे कारण असे, की जुने डावपेच ही सैन्यातील एका वर्गाची स्थावर मालमत्ता असते. घोडदळाचे अधिकारपद हा जमीनदारांच्या मुलांचा वारसा होता. घोडा निरुपयोगी झाला असे मान्य करणे म्हणजे ती पदे, ते मानमरातब, ते सबंध आयुष्याचे शिक्षण कवडीमोल झाले असे मान्य करणे. कापडगिरणीचा मालक जुने माग भंगारात काढायला नाखूष असतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की जुन्या मागाचा तोटा मालकाच्या खतावणीत दिसतो. जुन्या डावपेचांचा तोटा शिपायाच्या घरी तारेने कळवला जातो.

१ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या काठी ब्रिटिशांनी आठवडाभर तोफांचा भडिमार करून नंतर पायदळ पुढे सोडले. समोर कोणी जिवंत उरले नसेल, अशी खात्री देण्यात आली होती. पाठीवर जवळजवळ तीस किलोचे ओझे घेऊन अनेक पलटणी चालत पुढे निघाल्या. संध्याकाळपर्यंत ५७,४७० माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांपैकी १९,२४० मेली. जर्मन सैनिक जमिनीखालच्या खोल भुयारांत जिवंत होते, आणि भडिमार थांबताच मशिनगन घेऊन वर आले.

पुढे डावपेच बदलले, हेही नोंदवले पाहिजे. तोफांच्या माऱ्याचा पडदा पायदळाच्या पुढे पुढे सरकवत नेण्याचे तंत्र आले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी रणगाडा प्रथम दिसला. रांगेने चालणाऱ्या पलटणीऐवजी कमजोर जागा हेरून आत शिरणाऱ्या छोट्या टोळ्या आल्या. आज ज्याला आधुनिक डावपेच म्हणतात त्यांचा पाया १९१६ ते १९१८ ह्या दोन वर्षांत घातला गेला. परंतु सेनापतींच्या ह्या शिक्षणाची फी किती झाली, आणि ती कोणी भरली?

आपणही भरली. त्या युद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले. मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधील नव्ह शापेल येथे हल्ला करणाऱ्या सैन्याचा जवळजवळ निम्मा भाग हिंदी होता. तेथे ३५ मिनिटांच्या भडिमारानंतर पहिली फळी फुटली. पण टेलिफोनच्या तारा तुटल्या, पुढच्यांना काय हवे ते मागच्यांना कळेना, आणि जिंकलेल्या जागेपलीकडे पाऊल पडेना. मेसोपोटेमियात कुत येथे मराठा पलटणी इतर हिंदी पलटणींसह वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसांना भुकेने शरण यावे लागले. त्यांतले कितीतरी कैदेत मेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या एका गावाचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. गावाला 'मिलिटरी' हे बिरुद मिळाले आणि एक शिलालेख मिळाला. गॅटलिंगच्या हिशेबात ह्या ४६ जणांची गरजच पडायला नको होती.

तार पुन्हा आली

प्रत्येक शस्त्राला प्रतिशस्त्र निघते. १९७३ च्या ऑक्टोबर महिन्यात इजिप्तच्या पायदळाने सुएझ कालवा ओलांडला, तेव्हा त्यांच्याजवळ सुटकेसएवढ्या पेटीत मावणारी, मागे सुटत जाणाऱ्या तारेतून दिशा देता येणारी सोव्हिएत बनावटीची रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे होती. ८ ऑक्टोबरला पायदळाची साथ न घेता धावून आलेले इस्रायली रणगाडे त्यांनी जागच्या जागी जाळले. रणगाड्याचे युग संपले, असे तेव्हाही जगभर लिहिले गेले. आठवड्याभरात इस्रायलने रणगाड्यांबरोबर पायदळ आणि तोफखाना जोडला, क्षेपणास्त्र सोडणाऱ्या शिपायाला धुराने आणि उखळी तोफांनी हैराण केले, आणि १५-१६ ऑक्टोबरच्या रात्री कालवा उलट बाजूने ओलांडला. दोन्ही पक्षांचा साठा इतका भराभर संपला की अमेरिका आणि रशिया ह्यांना विमाने भरभरून शस्त्रे पाठवावी लागली. स्वस्त क्षेपणास्त्राने महाग रणगाडा मारला, हे खरे. पण एकूण युद्ध कोणालाच स्वस्त पडले नाही.

आता ड्रोनकडे येऊ. २०२० च्या शरद ऋतूत अझरबैजानने नागोर्नो-काराबाख येथे आर्मेनियन सैन्याचा ४४ दिवसांत पराभव केला. जुनी शेतकामाची विमाने रिकामी उडवून शत्रूच्या विमानविरोधी तोफा कोठे आहेत हे उघड करायचे, आणि मग तुर्की व इस्रायली ड्रोननी त्या टिपायच्या, हा डाव चतुर होता ह्यात शंका नाही. नव्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते सर्वांत अधिक हवाला ह्याच युद्धाचा देतात. पण काराबाख हे ह्या काळातले ओमडुर्मान होते: आकाश एकाच पक्षाचे होते. आणि ते तेथे संपलेही नाही. २०२३ च्या सप्टेंबरात दुसरा हल्ला झाला, आणि एक लाखाहून अधिक आर्मेनियन माणसे घरदार सोडून गेली.

दोन्ही पक्षांजवळ ड्रोन असले म्हणजे काय होते, ते युक्रेनने दाखवले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन रणगाडे कीव्हच्या रोखाने निघाले ते काही दिवसांत युद्ध संपवण्याच्या तयारीने. ते युद्ध २०२५ सरतानाही चालूच होते. सुरुवातीला मोठ्या तुर्की ड्रोनचा बोलबाला झाला. रशियाची विमानविरोधी यंत्रणा सावरताच ते मागे पडले. मग चारपाचशे डॉलरांत तयार होणारे, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरच्या चष्म्यात समोरचे दृश्य दाखवणारे छोटे ड्रोन आले. रशियाने रेडिओलहरींत अडथळे आणून त्यांना आंधळे केले. तेव्हा, २०२४ पासून, केसासारखा बारीक काचतंतू मागे सोडत उडणारे ड्रोन आले, कारण तारेतून जाणारा संदेश अडवता येत नाही. पन्नास वर्षांनी तार पुन्हा रणांगणावर आली! प्रतिशस्त्र म्हणून रस्त्यांवर मैलोगणती जाळी टांगण्यात आली. रणगाड्यांवर लोखंडी जाळीचे पिंजरे चढले आणि हे अजस्र यंत्र झाडीत लपून दुरून तोफेचे काम करू लागले.

पायदळाचे काय झाले? आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा ते वीस किलोमीटर रुंदीचा पट्टा असा झाला की त्यात दिवसाउजेडी जे हलेल ते टिपले जाईल. पलटण म्हणून चाल करणे बंद पडले. दोघेतिघे शिपाई पायी किंवा मोटारसायकलवरून पुढे सटकू लागले. खंदकही उथळ आणि छोटे झाले, कारण मोठा खंदक वरून दिसतो. जखमीला मागे नेणे सर्वांत कठीण झाले. पूर्वी ज्याला तासाभरात इस्पितळात पोचवता येई, तो कित्येकदा तळघरात अंधाराची वाट पाहत पडून राहू लागला, आणि रक्त थांबवण्यासाठी आवळलेला पट्टा वेळेत न सुटल्यामुळे हातपाय गमावू लागला. डावपेच बदलतात ह्याचा जमिनीवरचा अर्थ हा आहे.

माणसांची टंचाई

आता तिसरे आश्वासन पाहा: शिपायांची गरज उरत नाही. युक्रेनने २०२४ ह्या एका वर्षात वीस लाखांहून अधिक ड्रोन बनवल्याचे त्या सरकारचे म्हणणे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या देशाने सक्तीच्या लष्करभरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले. रशियाने तुरुंगांतून कैदी आणले, गरीब प्रांतांतील तरुणांपुढे मोठमोठ्या रकमा टाकल्या, उत्तर कोरियातून सैनिक मागवले. आपल्या देशातील कामाच्या शोधात गेलेले तरुणही त्या चक्रात ओढले गेले. त्यांतील १२ जण मेल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. यंत्रे लढणार असतील तर ही माणसे कशाला हवी होती? जमीन अखेर माणसाने व्यापावी लागते, आणि ड्रोनच्या नजरेखाली ती व्यापणे पूर्वीपेक्षा अधिक जीवघेणे झाले आहे, हे त्याचे उत्तर आहे.

पहिले आश्वासन, स्वस्ताईचे, ह्याहून फसवे आहे. इराणी बनावटीच्या शाहेद ड्रोनची किंमत वीस ते पन्नास हजार डॉलर असावी असा अंदाज आहे. तो पाडायला वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्राची तीस ते चाळीस लाख डॉलर. हल्ला करणाऱ्याची बचत हा बचाव करणाऱ्याचा खर्च असतो. दोन्ही पक्ष हल्लाही करतात आणि बचावही, म्हणून दोघांच्याही वहीत अखेर खर्चच उरतो. शस्त्रे एवढी स्वस्त झाली असती तर जगाचा लष्करी खर्च उतरायला हवा होता. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये तो २,७१८ अब्ज डॉलर झाला, आदल्या वर्षापेक्षा ९.४ टक्क्यांनी अधिक. जेव्हन्सच्या कोळशासारखेच हे घडले.

आणखी एक खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. पूर्वी एका वाटसरूवर तोफगोळा खर्च करणे कोणालाही परवडत नसे. चारपाचशे डॉलरांचा ड्रोन मात्र एका माणसामागे लावता येतो. खेरसन शहरात भाजी घ्यायला निघालेल्या, सायकलवर चाललेल्या, रुग्णवाहिकेत बसलेल्या नागरिकांचा अशा ड्रोननी पाठलाग करून त्यांना मारण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने मे २०२५ मध्ये हे हल्ले म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे आहेत असा निष्कर्ष काढला. शस्त्राची अचूकता वाढली की निरपराध माणसे वाचतील, असे आम्हांला सांगण्यात आले होते. अचूकतेने हेही साधते, की निरपराध माणूस नेमका टिपता येतो.

देयक कोणाच्या नावावर

आपल्याकडे हा सिद्धान्त केवळ चर्चेचा विषय राहिलेला नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. सैन्य अधिक तरुण आणि तंत्रज्ञानाशी जुळवून घेणारे व्हावे, हे तिचे एक मोठे समर्थन होते. योजना काय आहे? चार वर्षांची नोकरी; त्यानंतर चारांतील तिघांना ठरावीक रक्कम देऊन निरोप; पेन्शन नाही. कारखान्यात ह्याला कंत्राटी कामगार म्हणतात. नवे यंत्र आणायचे, त्याच्या नावाने कायम कामगार काढायचा आणि त्याच्या जागी हंगामी माणूस लावायचा, हा डाव गिरणगावाने फार जवळून पाहिला आहे. शिवाय हे समर्थन त्याच्या स्वतःच्याच कसोटीवर उतरत नाही. शस्त्रे आणि डावपेच दर सहा महिन्यांनी बदलणार असतील, तर हवा आहे तो मुरलेला, शिकलेला आणि शिकवू शकणारा सैनिक. तो तयार होत असतानाच त्याला घरी पाठवायचे, हे कोणत्या तंत्रज्ञानात बसते? पेन्शनची बचत हे खरे कारण असेल तर तसे स्पष्ट सांगावे. २०२५-२६ चा संरक्षणखर्च ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचा होता. एवढ्या रकमेत काटकसरीला पात्र ठरला तो फक्त शिपायाचा म्हातारपणीचा घास.

शस्त्रे बनवणाऱ्या हातांची कथा वेगळी नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ सरकारी दारूगोळा कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली, आणि त्याच वर्षी केलेल्या कायद्याने तेथील कामगारांचा संपाचा हक्क गुंडाळता येण्याची सोय झाली. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर येथील कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले. त्यांची नावे कोणत्या शिलालेखावर कोरली जातील?

मग करायचे काय?

येथे मला ठरावीक प्रश्न विचारला जाईल: शेजारी ड्रोन घेऊन येणार असेल तर आपण काय चरखा घेऊन उभे राहायचे? नाही. देशाचे संरक्षण ही समाजवाद्यांनाही मान्य असलेली जबाबदारी आहे, आणि ड्रोनपासून बचावाची साधने आपल्याजवळ असलीच पाहिजेत. माझे म्हणणे एवढेच, की शस्त्राच्या स्वस्ताईला युद्धाची स्वस्ताई समजून कोणत्याही सरकारने युद्धाचा उंबरठा खाली आणू नये. वैमानिक गमावण्याची भीती नसली की हल्ल्याचा हुकूम देणे सोपे जाते. दोन्ही देशांजवळ अणुबाँब असताना हा सोपेपणा हाच सर्वांत मोठा धोका आहे.

तीन गोष्टी ताबडतोब करण्यासारख्या आहेत. भारत आणि पाकिस्तान ह्यांच्यात १९८८ साली एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला, आणि त्यानुसार दर १ जानेवारीला याद्यांची देवाणघेवाण होत आली आहे. १९९१ च्या करारानुसार लढाऊ विमानांनी सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत यायचे नाही असे ठरले. हे करार ड्रोनच्या आधीच्या काळातले आहेत. युद्धे झाली, संबंध तुटले, तरी वाटाघाटींचा हा मार्ग पूर्वी सापडला होता. ड्रोनना अशाच बंधनाखाली आणण्यासाठी तो पुन्हा शोधला पाहिजे. दुसरी गोष्ट, माणसाच्या हुकुमाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांविषयी चिंता व्यक्त करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डिसेंबर २०२३ मध्ये आला, तेव्हा दीडशेहून अधिक राष्ट्रांनी पाठिंबा दिला आणि भारताने रशियाबरोबर विरोधी मत दिले. ह्या प्रश्नाची चर्चा दुसऱ्या, ठरलेल्या व्यासपीठावर व्हावी, अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. ज्या व्यासपीठावर वर्षानुवर्षे एकमत होत नाही तेथेच प्रश्न ठेवायचा, ह्याचा अर्थ तो न सोडवणे असाच होतो. ही भूमिका बदलली पाहिजे, आणि त्यासाठी संसदेत चर्चा झाली पाहिजे. तिसरी गोष्ट अग्निपथ योजनेची. ती रद्द करून नियमित भरती आणि पेन्शन परत आणावी. जो मरायला चालतो तो म्हातारा व्हायलाही चालला पाहिजे.

साताऱ्याकडच्या आमच्या गावी मी गेलो की पहाटे पाचला रस्त्यावर पावलांचा आवाज येतो. वीसपंचवीस मुले भरतीसाठी धावण्याचा सराव करीत असतात. कोरडवाहू दोन एकरांत तीन भावांचे भागत नाही, म्हणून ती धावतात. युद्धात आता माणसे लागत नाहीत, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. सांगूही नये, कारण ते खरे नाही. पुढचे युद्ध झालेच तर त्याचा अभ्यासक्रम नवा असेल, शस्त्र नवे असेल, डावपेच नवे असतील. आणि सेनापतींच्या शिक्षणाची फी भरायला हीच मुले बोलावली जातील. ते युद्ध स्वस्त पडेल असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा पहाटे त्या रस्त्यावर उभे राहावे आणि हा हिशेब त्या मुलांच्या तोंडावर मांडून दाखवावा.